वाटेवरची चव आणि तिची परीक्षा

वाङ्मयाच्या मासिकात मिसळीची चर्चा कशास हवी, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु जिभेच्या आणि काव्याच्या आस्वादास आपल्या परंपरेने ‘रस’ हा एकच शब्द दिला आहे. मग काव्याची चिकित्सा करावी आणि अन्नाची नुसती वाहवा, हा भेद कशासाठी?

या चिकित्सेस पनवेलजवळचा पळस्पे फाटा उत्तम स्थळ होय. पुण्याची जुनी वाट आणि गोव्याची वाट येथे एकमेकींपासून फुटतात. येथील ‘दत्त स्नॅक्स’मध्ये मिसळ, कोथिंबीरवडी आणि पियूष यांसाठी प्रवासी मुद्दाम थांबतात. मोडाच्या कडधान्याची उसळ, तिजवर कट, फरसाण, कांदा, लिंबू आणि जोडीस पाव, एवढे मिसळीचे व्याकरण बहुधा सर्वत्र सारखेच. बोली मात्र निराळ्या. कोल्हापूरची मिसळ कटाच्या झणझणीतपणावर उभी असते. पुण्यात पोहे मिसळून ती मवाळ होते. नाशकास काळा मसाला तिला गांभीर्य देतो. या बोलींत उच्चनीच ठरविणे व्यर्थ आहे. खरी परीक्षा एकच: फरसाण दूर सारून खालची उसळ चाखावी. ती नीरस असेल तर वरचे सारे अलंकार फुकट. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणे हेच यश मानणारी मिसळ आणि रडारडीस करुणरस समजणारे नाटक, ही एकाच जातीची होत.

शुद्ध देशीपणाचा आग्रहही येथे टिकत नाही. वड्यातील बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिकेच्या. त्या व पाव आपल्याकडे आणले पोर्तुगीजांनी. हळद, लसूण आणि बेसन यांच्या संस्काराने ते उपरे पदार्थ आपले झाले.

या वाटेवर संकट आले ते वेगाचे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुष्कळशी रहदारी जुन्या रस्त्यावरून तिकडे वळली. अमेरिकेत हे आधीच घडले होते. तेथे १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरी घोडागाडीतून रात्रीचे खाणे विकले जाऊ लागले. त्यातून पुढे ‘डायनर’ ही उपाहारगृहे वाढली. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर नवे रस्ते गावे टाळून गेले, तेव्हा जुन्या वाटेवरील अनेक खाणावळींचे गिऱ्हाईक आटले. आपल्या द्रुतगती मार्गावरील फूड मॉलमध्ये पाणी आहे, स्वच्छतागृह आहे. प्रवाशाच्या या गरजांस नाके मुरडणे अन्यायाचे होईल. दोष एवढाच की, तेथील वडा खाऊन आपण कोणत्या मुलखात आहो हे कळत नाही.

उलट रायगडची पोपटी पाहावी. वालाच्या शेंगा व बटाटे यांस मीठ-ओवा लावून ते भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरतात. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. शेंगा हिवाळ्यात येतात, म्हणून पोपटीही हिवाळ्यातच; ती वर्षभर मागता येत नाही.

ऋतू आणि मुलूख यांचा हा पाश ज्या पदार्थात शिल्लक आहे, तो वाटेवरचा असो वा शेतातला, आमच्या मते अभिजात होय. तो टिकविणे मात्र विकणाऱ्याइतकेच खाणाऱ्याच्या हाती आहे. जुन्या वाटेने जाण्यास अर्धा तास अधिक लागतो, तो द्यावयाची तयारी हवी.