'अलबेला'च्या आधीचे भगवानदादा

आपल्या नंदनवनात गणपतीची मिरवणूक निघाली की एक नाच हमखास दिसतो. हात अर्धवट वर, खांदे हलते, पाय जवळजवळ जागच्या जागी. हा नाच रूढ केला भगवानदादांनी. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, आपल्या अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार.

त्यांच्या कारकिर्दीचे सरळ दोन तुकडे पाडले जातात. १९३८ साली चंद्रराव कदमांसोबत दिग्दर्शित केलेल्या 'बहादुर किसान'पासून पुढची दहा-अकरा वर्षं स्वस्तातले स्टंटपट. मग राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढायला सुचवलं, १९५१ साली 'अलबेला' आला आणि तिथून म्हणे खरा कलावंत सुरू झाला! मला ही विभागणी पटत नाही.

असं बघा. अमेरिकेत तेव्हा थोड्या भांडवलात घोडे-पिस्तुलांचे 'वेस्टर्न' निघत, आपल्याकडे स्टंटपट. भव्य सेट परवडत नाही, बडा नट परवडत नाही. मग पडद्यावर दाखवायला उरतं काय? माणसाचं शरीर. उडी, मारामारी, धावाधाव. कामगार प्रेक्षकाला ते कळायला शिक्षण लागत नव्हतं. १९४१ साली दादांनी 'वनमोहिनी' तमिळमध्ये केला. शरीराला भाषांतर लागत नाही. 'अलबेला'तला नाच याच काटकसरीतून आला आहे, असं मी मानतो. कमीत कमी हालचाल, कुणालाही जमेल अशी.

पण याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात दादांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड खरोखरीच जोरात बसली. डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकेच्या भूमिका गेल्या. आपण 'अपघात' म्हणून पुढं जातो. हेतू नव्हता, मान्य. पण नीतिशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगायचो, हेतू निर्मळ असला तरी जबाबदारी उरतेच. ज्या धंद्यात शरीर हेच भांडवल, तिथं तोटाही शरीरालाच सोसावा लागतो.

पुढं 'झमेला', 'लाबेला' आले. 'अलबेला'चं यश त्यांना मिळालं नाही. कारण साधं आहे. पूर्वी गरजेपोटी युक्ती सुचत होती, आता जुन्याच यशाची नक्कल चालली होती. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादा दादरच्या चाळीत परतले. २००२ साली वारले.

ते स्टंटपट आज बहुतेक पाहायला मिळत नाहीत. राहिलाय तो मिरवणुकीतला नाच. यंदा नाचाल तेव्हा अमरावतीच्या या माणसाची आठवण जरूर काढा, ललिताबाईंचीही काढा.