भिंतीवरचा गालिचा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये इराणचा अर्दबिल गालिचा आहे. विणला १५३९-४० साली. लांबी साडेदहा मीटर. म्युझियमनं १८९३ मध्ये दोन हजार पौंड मोजले आणि पुढे वर्षानुवर्षं तो चक्क भिंतीवर टांगला! मी पडलो बँकेतला कारकून. महागाची वस्तू पायाखाली नको, हे मला पटतं. (आमच्या लग्नातला आहेराचा मिर्झापुरी गालिचा हिनं अजून माळ्यावरून उतरवलेला नाही.) पण अर्दबिलमध्ये विणलेले दोन दिवे लहानमोठे आहेत. धाकट्या दिव्याशी बसलं की दोन्ही सारखे दिसावेत, अशी ती योजना, असं काही जाणकार म्हणतात. आता भिंतीवर बसायचं कसं, सांगा! २००६ साली तो एकदाचा खाली अंथरला. भोवती काचेची पेटी.

म्हणजे बसायची पंचाईत आहेच.