गोठलेला खांदा : ॲक्युपंक्चर व भौतिकोपचार यांच्या पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

जो आजार कालांतराने बऱ्याच अंशी आपोआप ओसरतो, त्यावरील उपचाराचे मूल्यमापन करणे अवघड असते. सुधारणा उपचारामुळे झाली की काळामुळे, हा प्रश्न तेथे कायम उभा राहतो. गोठलेला खांदा, म्हणजेच ‘फ्रोझन शोल्डर’, हा असाच आजार आहे. भौतिकोपचारास (फिजिओथेरपीस) ॲक्युपंक्चरची जोड दिल्यास तो लवकर बरा होतो, असे प्रतिपादन केले जाते. या प्रतिपादनास आधार देणारा एक अभ्यास २००१ मध्ये ‘हाँगकाँग मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासाचे सामर्थ्य व मर्यादा यांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आजाराचे स्वरूप

फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले यांनी १८७२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. ‘फ्रोझन शोल्डर’ ही संज्ञा अमेरिकेतील कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केली. खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसते. प्रथम वेदना, मग ताठरपणा आणि शेवटी हळूहळू मोकळेपणा, अशा तीन अवस्थांतून हा विकार जातो. तो प्रामुख्याने ४० ते ६० या वयात होतो; स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. केस विंचरणे, पाठीमागे हात नेणे, फळ्यावर लिहिणे यांसारख्या साध्या क्रियाही अनेक महिने अशक्य होतात. ‘दोन वर्षांत आपोआप बरे होते’ हे आश्वासनही अर्धसत्य आहे. शॅफर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी सात वर्षांनंतरही सुमारे निम्म्या रुग्णांत सौम्य वेदना वा ताठरपणा शिल्लक असल्याचे दिसून आले.

हाँगकाँगचा अभ्यास

सन व सहकाऱ्यांच्या या अभ्यासात ३५ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास केवळ व्यायाम, तर दुसऱ्यास व्यायामासह ॲक्युपंक्चर, असे सहा आठवडे उपचार देण्यात आले. मोजमापासाठी कॉन्स्टंट गुणांकन वापरले गेले. १०० गुणांच्या या पद्धतीत वेदनेस १५, दैनंदिन कामांस २०, हालचालीस ४० व शक्तीस २५ गुण असतात. सहा आठवड्यांनी केवळ व्यायाम करणाऱ्या गटाच्या गुणांत ३९.८ टक्के, तर संयुक्त उपचार घेणाऱ्या गटाच्या गुणांत ७६.४ टक्के सुधारणा नोंदली गेली. विसाव्या आठवड्यातही हा फरक टिकून होता. मूल्यमापन करणाऱ्यास रुग्ण कोणत्या गटातील आहे याची माहिती नव्हती, ही या अभ्यासाची जमेची बाजू होय.

चिकित्सा

तथापि चार मुद्दे दुर्लक्षिता येत नाहीत. पहिला, तुलनेसाठी बनावट सुयांचा गट नव्हता. संयुक्त गटास सुयांबरोबरच उपचारकाचा अधिक सहवास आणि बरे होण्याची अधिक अपेक्षाही लाभली. त्यामुळे फरकाचे श्रेय केवळ सुईला देता येत नाही. दुसरा, ७६.४ या सरासरीभोवतीचे प्रमाण विचलन ५५.० इतके होते. म्हणजे काहींना मोठा, तर काहींना अत्यल्प लाभ झाला. सहा आठवड्यांचे पी-मूल्य ०.०४८ होते व ते ०.०५ या प्रचलित मर्यादेच्या अगदी काठावर आहे. तिसरा मुद्दा टक्केवारीचा आहे. गुण २० वरून ४० झाल्यास सुधारणा १०० टक्के ठरते. ५० वरून ७० झाल्यास ती ४० टक्केच भरते. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी वाढ २० गुणांचीच असते. चौथा, वर्षानुवर्षे चालणाऱ्या विकारासाठी वीस आठवड्यांचा पाठपुरावा अपुरा आहे.

खांदेदुखीवरील ॲक्युपंक्चरच्या नऊ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पकालीन लाभाची शक्यता मान्य करूनही, उपचाराच्या बाजूने वा विरुद्ध ठाम निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे त्यात नमूद आहे.

भौतिकोपचाराचा दावाही याच कसोटीवर तपासला पाहिजे. नेदरलँड्समधील डिर्क्स व स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास मांडला. वेदनेच्या मर्यादेत सौम्य व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांनी दोन वर्षांत ८० वा अधिक गुण गाठले. वेदना सोसून जोरकस ताण देण्यात आलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. ही विभागणी यादृच्छिक नव्हती, हे लक्षात ठेवूनही ‘जितके ओढावे तितके सुटते’ या समजुतीस त्यामुळे धक्का बसतो. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या चाचणीतही (२०२०) स्टिरॉइड इंजेक्शनसह भौतिकोपचार, भूल देऊन सांधा हलविणे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांपैकी कोणताही उपचार वर्षअखेर रुग्णाच्या दृष्टीने ठळकपणे सरस ठरला नाही.

महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चर चिकित्सेस कायदेशीर चौकट मिळाली. व्यावसायिकांची नोंदणी व शिक्षण यांसाठी ती आवश्यकच होती. परंतु कायद्याची मान्यता म्हणजे परिणामकारकतेचा पुरावा नव्हे.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून ॲक्युपंक्चरला व्यायामाचा पर्याय मानता येत नाही. वेदना कमी करून व्यायाम सुसह्य करणारा संभाव्य सहायक उपचार, एवढेच त्याचे स्थान आज निश्चित करता येते. उपचार सुरू करण्यापूर्वी निदानाची खात्री व रक्तशर्करेची तपासणी व्हावी. हालचालीचे मोजमाप आरंभी व ठरावीक अंतराने नोंदवले जावे आणि सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या असाव्यात. रुग्ण या उपचारांसाठी पैसा, वेळ व आशा खर्च करीत असतो. त्यास ‘बरे करू’ असे सांगण्याऐवजी ‘किती व कशाच्या तुलनेत’ हे सांगणे, हीच शास्त्रीय व नैतिक जबाबदारी ठरते.