शंभर प्रश्नांची अमेरिका

माझी भाची गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहते. तिने अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला तेव्हा मुलाखतीच्या तयारीची प्रश्नावली मला इंदूरला पाठवली आणि रोज रात्री दूरध्वनीवरून दहा प्रश्न विचारण्याचे काम माझ्यावर सोपवले. माझे सारे आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले हे ती जाणून होती. म्हणून तिने आधीच बजावले, "मामा, तुम्ही फक्त विचारायचं. शिकवायचं नाही." पंधरा दिवस मी तो नियम पाळला. त्या पंधरा दिवसांत मनात जे साचले, ते या टिपणात मांडतो आहे.

ही प्रश्नावली २००८ सालची. तीत शंभर प्रश्न आहेत आणि त्यांची मान्य उत्तरेही खालीच छापलेली आहेत. अधिकारी त्यांतले जास्तीत जास्त दहा प्रश्न तोंडी विचारतो. सहा उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची नवी यादी आली असून वीसपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. भाचीचा अर्ज त्याआधीचा असल्याने तिला जुनीच यादी लागू होती. येथे विचार करायचा तो त्या जुन्या यादीचा. कोट्यवधी लोकसंख्येच्या एका देशाने आपला इतिहास परक्याला किती शब्दांत सांगावा, याचा तो एक नमुना आहे, आणि एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे तसे त्याचेही करता येते.

आधी गुणांविषयी. ही परीक्षा कोणाला अडवण्यासाठी रचलेली नाही. प्रश्न आधीच हाती दिलेले, उत्तरे उघड, भाषा सोपी. शंभरांपैकी ५७ प्रश्न राज्यव्यवस्थेचे आहेत आणि त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. 'कायद्याचे राज्य म्हणजे काय?' असा प्रश्न नवागताला विचारणे आणि 'कायद्याच्या वर कोणीही नाही' हे उत्तर त्याच्या तोंडून वदवून घेणे, ही कोणत्याही लोकशाहीला शोभणारी गोष्ट आहे. असे प्रश्न आपल्याकडे जन्माने नागरिक झालेल्या किती जणांना विचारले जातात, हेही मनाशी विचारून पाहावे.

इतिहासाच्या वाट्याला मात्र तीसच प्रश्न आले आहेत, ५८ पासून ८७ पर्यंत. हे तीस प्रश्न सलग वाचले की एक गोष्ट लक्षात येते. ७६ वा प्रश्न आहे : मुक्तिघोषणेने काय केले? मान्य उत्तर : गुलामांना मुक्त केले. ८४ वा प्रश्न आहे : वांशिक भेदभाव संपवण्याचा प्रयत्न कोणत्या चळवळीने केला? उत्तर : नागरी हक्कांची चळवळ. पहिली घटना १८६३ ची, दुसरी साधारण १९५० ते १९६८ या काळातली. मुक्त झालेल्या माणसांना नव्वद वर्षांनी पुन्हा हक्कांसाठी रस्त्यावर का यावे लागले? मधल्या सात प्रश्नांत सुझन अँथनी आहेत, दोन महायुद्धे आहेत, मंदी आहे, आयझेनहॉवर आणि शीतयुद्ध आहे. या 'का'चे उत्तर नाही. भेदभाव जणू आकाशातून पडला आणि चळवळीने तो झाडून टाकला.

जे गळले आहे ते थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत 'पुनर्रचना' म्हणून ओळखला जाणारा प्रयोग झाला. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व दिले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये बसले. १८७७ मध्ये केंद्राने लष्कराचा आधार काढून घेतला आणि तो प्रयोग मोडला. १८९० मध्ये त्याच मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानासाठी कर लादला आणि मतदाराला घटनेचे कलम वाचता यावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा, अशी अट घातली. अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले.

यातली मिसिसिपीची अट विशेष ध्यानात ठेवावी, कारण तीही एक परीक्षाच होती. राज्यघटनेच्या ज्ञानाची परीक्षा माणसाला आत घेण्यासाठी घेता येते, तशी बाहेर ठेवण्यासाठीही. भाचीच्या परीक्षेत उत्तरे आधी छापलेली होती. मिसिसिपीतल्या परीक्षेचे उत्तर अधिकाऱ्याच्या मर्जीत होते. १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा चाचण्यांना लगाम घातला. ज्या देशात परीक्षेचाच असा इतिहास आहे, त्या देशाच्या परीक्षेत त्याविषयी एक प्रश्न असायला हवा होता.

आपणही यातून सुटत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो ग्रंथ निघाला तेव्हा पुनर्रचनेचा प्रयोग अजून जिवंत होता. पुढे चारच वर्षांत तो संपला. अर्पणपत्रिका आपल्याला पाठ आहे, पुढची चार वर्षे मात्र आपणही वाचत नाही.

दुसरा दोष मान्य उत्तरांच्या मांडणीत आहे. ७४ वा प्रश्न यादवी युद्धाला कारण झालेली एक समस्या विचारतो. तीन उत्तरे चालतात : गुलामगिरी, आर्थिक कारणे, राज्यांचे हक्क. तिन्ही एका ओळीत, एकाच वजनाची. पण ती एका वजनाची नाहीत. फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणे स्वतःच लिहून ठेवली आहेत. साउथ कॅरोलिनाच्या डिसेंबर १८६० च्या निवेदनातली मोठी तक्रार अशी, की पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा उत्तरेकडची राज्ये पाळत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच दक्षिणेला राग होता. मिसिसिपीचे निवेदन तर आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे सांगते. १८६० च्या जनगणनेत सुमारे ३९.५ लाख माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. आर्थिक कारण म्हणायचे तर तेही हेच.

७६ व्या प्रश्नाचेही तसेच. 'बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त केले' हे काटेकोर उत्तर यादीत आहे; पण नुसते 'गुलामांना मुक्त केले' हेही चालते, आणि पाठ करायला सोपे म्हणून तेच पाठ होते. वास्तविक १ जानेवारी १८६३ ची घोषणा संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या गुलामगिरीच्या राज्यांना लागू नव्हती. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. हे मी भाचीला सांगू लागलो तेव्हा ती हसून म्हणाली, "मामा, एवढं पुरतं हो." परीक्षेला पुरते, हे खरेच होते.

तिसरी उणीव तर थेट तिच्याशीच संबंधित. नागरिकत्वाच्या या परीक्षेत नागरिकत्व कोणाला मिळत असे, याचा इतिहास नाही. १७९० च्या कायद्याने ते फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'साठी ठेवले होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणूस या शब्दांत बसत नाही, असा निकाल दिला आणि आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. थिंद यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते आणि आता त्यांच्यावरही खटला आला. या नागरिकत्वाच्या भरवशावर आपण सारे आयुष्य उभारले, ते आता हिरावून घेणे अन्यायाचे होईल, ही त्यांची बाजू न्यायालयाने उचलून धरली. १९२६ मध्ये सरकारचे अपील फेटाळले गेले. हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार कायद्याने उघडले ते जुलै १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशापुरते. भाचीच्या परीक्षेमागे इतका इतिहास उभा आहे, आणि तिला त्यातले एक नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

अमेरिकन मुलांना इतिहास येत नाही, ही तक्रार मात्र तेथे नित्याची आहे. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या सुमारे १३ टक्केच विद्यार्थ्यांनी इतिहासात प्रावीण्याची पातळी गाठली, तेव्हा बरीच हळहळ झाली. पण इतिहासशिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांनी दाखवून दिले आहे, की १९१७ मध्ये टेक्सासमधल्या चाचणीनंतरही हीच हळहळ झाली होती. शंभर वर्षे उपाय मात्र एकच : आणखी प्रश्न. २०१५ मध्ये ॲरिझोनाने नागरिकत्वाची हीच प्रश्नावली शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही लागू केली आणि पुढे इतर राज्ये त्या वाटेने गेली. सुटी उत्तरे पाठ करणारे मूल ती विसरते, यात नवल नाही. ७६ आणि ८४ यांच्यामधली वाट ज्याला कोणी दाखवली नाही, त्याने दोन्ही टोके लक्षात तरी कशाच्या आधारे ठेवावीत?

मग आपले ज्ञान तपासावे कसे? याचा एक नमुना आपल्याच भाषेत आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यात राज्यपद्धती आहे, घरे आहेत, शाळा आहेत, स्त्रियांच्या संस्था आहेत. रमाबाई तेथे पाहुण्या होत्या. शारदा सदनासाठी त्यांना मदत करणारी संस्थाही बोस्टनचीच होती. तरीही मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा तिरस्कार यांवर त्यांनी बोट ठेवले. प्रजासत्ताकाचे कौतुक करताना त्यांचा हात थोडा सैल सुटतो, हेही मान्य करावे. पण एका गोष्टीचे उत्तर मिळाले की त्या दुसरी गोष्ट विचारतात : हे कोणाला मिळाले, आणि कोणाला नाही?

तोच प्रश्न प्रत्येक छापील उत्तराला जोडावा. ४ जुलै १७७६ हे उत्तर आले, की ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी गुलामाला या सणाचे काय, असे का विचारले, ते शोधावे. मुक्तिघोषणा आली, की ती बातमी घेऊन सैन्य टेक्सासच्या गॅल्व्हस्टनला १९ जून १८६५ पर्यंत का पोहोचले नाही, ते पाहावे. २०२१ पासून तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा आहे. आणि शक्य तेथे सारांशाऐवजी मूळ कागद वाचावा. मुक्तिघोषणा वाचायला काही मिनिटे लागतात, आणि ती कोठे लागू नव्हती हे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे.

भाची उत्तीर्ण झाली. तिला विचारलेले पहिले सहाही प्रश्न बरोबर आले, म्हणून सातवा विचारलाच नाही. शपथविधीनंतर तिचा दूरध्वनी आला तेव्हा माझ्यावरचा नियम संपला होता, म्हणून मी तिला सखाराम पंडितांची हकिगत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, हे आधी का नाही सांगितलंत?" तिने शिकवायला मनाई केली होती, ही आठवण मी तिला दिली नाही. रमाबाईंचे पुस्तक मिळवून तिला पाठवायचे मात्र ठरवले आहे.