मासा पेटीच्या मापाने वाढतो?

एका शाळेच्या प्रयोगशाळेत अलीकडेच चार फूट लांब आणि दीड फूट रुंद काचपेटी पाहिली. आत एकच मासा. पाठ काळपट, पोट पांढरे, शेपूट नारिंगी-तांबडी, तोंडाला सहा मिशा. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांतला हा मार्जारमीन दुकानात 'रेडटेल कॅटफिश' म्हणून मिळतो. विज्ञानाच्या सरांनी आणला तेव्हा तो बोटाएवढा होता. "पुढे मावेल का?" या त्यांच्या प्रश्नावर दुकानदार म्हणाला होता, "काळजी नको सर, मासा पेटीच्या मापाने वाढतो."

हे वाक्य मी विज्ञानाच्या पदवीधरांकडूनही ऐकले आहे, म्हणून ते तपासू या.

नदीत हा मासा मीटरभराहून मोठा होतो. पाच सेंटिमीटरचे पिल्लू एक मीटरचे झाले, तर लांबी २० पट वाढली. पण रुंदी आणि उंचीही तेवढीच वाढते, म्हणजे वजन २० × २० × २०, अर्थात ८,००० पट. पिल्लू दीड ग्रॅमचे धरले तर मासा १२ किलोचा! नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवावे असे हे गणित आहे.

लहान पेटीत वाढ खुंटते, हे मात्र खरे. पण माशाला पेटीचे माप कळते म्हणून नव्हे. मासे नत्रयुक्त मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. मांसाहारी माशाच्या अन्नात प्रथिने भरपूर, म्हणून अमोनियाही भरपूर. गाळणीतील जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. परंतु मासा मोठा आणि पाणी थोडे असले की हे काम मागे पडते. दूषित पाण्यात मासा खाणे सोडतो, कधी त्याचा कणाही वाकतो. याला जुळवून घेणे म्हणायचे असेल, तर कुपोषित मुलालाही 'घराच्या मापाचे' म्हणावे लागेल.

त्यातून जिवंत गोल्डफिश गिळताना दाखवण्याची हौस. नदीत हाच मासा खेकडे आणि पाण्यात पडलेली फळेही खातो, हे किती जण सांगतात? गोल्डफिशमध्ये थायामिनेज हे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. रोज तेच खाणाऱ्या माशाला त्याची उणीव भासू लागते.

दोष मी सरांना देत नाही. पूर्ण वाढीची लांबी न सांगता पिल्लू विकणे, हीच खरी फसवणूक. पुढे मासा आवरेनासा झाला की तळे आठवते. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापाइमा हा अ‍ॅमेझॉनमधलाच प्रचंड मासा सापडला. तोही पाळलेल्यांतून निसटलेला. सरांना मी तळ्याचा विचारही न करता मोठ्या मत्स्यालयाकडे चौकशी करायला सांगितले आहे.

तोवर मुलांनी काचेवर कागदी पट्टी चिकटवून दर महिन्याला माशाची लांबी नोंदवायला घेतली आहे. पेटीची रुंदी ४५ सेंटिमीटर. शेवटची नोंद ४३ ची आहे.