हिरवी तार

हीरो होंडाच्या जुन्या गाड्यांच्या वायरिंग डायग्राममध्ये किल्लीच्या स्विचसाठी एक छोटा तक्ता असतो. चार रकाने: आयजी, ई, बॅट-1, बॅट-2. खाली दोन ओळी, ऑन आणि ऑफ. ऑनच्या ओळीत बॅट-1 आणि बॅट-2 खालची वर्तुळं एका रेघेनं जोडलेली. ऑफची ओळ कोरी असणार असं आपण गृहीत धरतो, पण ती कोरी नसते. तिथे आयजी आणि ई जोडलेले असतात. किल्ली बंद केली की एक जोड तुटतो आणि त्याच क्षणी दुसरा जुळतो. इंजिन थांबतं ते या दुसऱ्या जोडामुळे.

या एका ओळीपाशी थांबलं की सगळं पान उलगडायला लागतं. स्प्लेंडरच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. किक मारली की मॅग्नेट फिरतं, त्यातली एक कॉइल सीडीआयच्या काळ्या डबीला वीज पुरवते, पल्सर कॉइल वेळ सांगते आणि डबी साठवलेली वीज इग्निशन कॉइलमार्फत प्लगवर सोडते. बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी सुरू होते. मग ती थांबवायची कशी? डबीकडे जाणारी वीज वाटेतच बॉडीला सोडून द्यायची. त्यासाठी काळ्यावर पांढरी रेघ असलेली एक तार किल्लीपर्यंत नेलेली आहे, आणि ऑफच्या ओळीतली रेघ तिला हिरव्या तारेशी जोडते. हिरवी म्हणजे अर्थिंग. ज्यानं ही आकृती रचली त्यानं थांबणं हीसुद्धा एक क्रिया मानली, तिला स्वतःची तार दिली, रंग दिला. मला यात फार मोठी समज दिसते.

म्हणूनच या तारेचा बिघाड ओळखताना भल्याभल्यांची गल्लत होते. हळ्ळीखेड (बी) मध्ये बिदर-हुमनाबाद रस्त्यालगत मी हे एकदा जवळून पाहिलं. पंचविशी उलटलेली स्प्लेंडर, मागे दुधाच्या कॅनसाठी वेल्ड केलेला स्टँड. मालकांची तक्रार एवढीच की गाडी मधेच बंद पडते. प्लग बदलून झाला होता, कार्बोरेटर साफ करून झाला होता, कुणाच्या तरी सल्ल्यानं नवी बॅटरीही बसली होती. मिस्त्रीनं पाना हातात घेतलाच नाही. गाडी चालू ठेवली आणि म्हणाला, "काका, हँडल डावीकडं घ्या बरं, पूर्ण." इंजिन गप्प. "आता सरळ करून किक मारा." पहिल्या किकला सुरू. "पुन्हा डावीकडं." पुन्हा गप्प. मग त्यानं सीडीआयचा कपलर उघडला, काळी-पांढरी तार पिनेसकट बाहेर ओढली आणि हँडल दोन्ही बाजूंना फिरवायला सांगितलं. इंजिन चालतच राहिलं. "बॅटरीचं काम नव्हतं ओ काका. कोनसेटपाशी वायर घासलीय." कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो सांधा.

आता ती गाडी किल्लीनं बंद होईना. चौथा गियर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ती थांबवावी लागली. त्या दोन मिनिटांत तक्त्यातली ऑफची ओळ प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उभी राहिली: ती तार तुटली तर गाडी थांबत नाही, ती बॉडीला टेकली तर गाडी चालत नाही. हेडलाइट उतरवून तारांचा जुडगा बाहेर घेतला तेव्हा फ्रेमच्या कडेला घासून तिचं प्लास्टिक तांदळाएवढं उडालेलं होतं, आत तांबं चमकत होतं. हँडल डावीकडे वळलं की जुडगा ताणला जायचा आणि तेवढा कण फ्रेमला टेकायचा. इंजिनला वाटायचं, किल्ली बंद केली.

रंगांची भाषा या पानाच्या तळाशी दिलेली असते. लाल बॅटरीची, काळी किल्लीतून पुढे निघालेली, नारिंगी डाव्या इंडिकेटरची, फिकट निळी उजव्याची, हिरव्यावर पिवळी रेघ ब्रेकलाइटची, तपकिरी टेललाइटची. ही भाषा होंडानं आपल्या असंख्य गाड्यांत जवळजवळ तशीच पाळली. त्यामुळे 1985 साली धारूहेड्याहून निघालेल्या सीडी 100 वर हात बसलेल्या माणसाला 1994 ची स्प्लेंडर परकी वाटली नाही. हळ्ळीखेडसारख्या सीमाभागातल्या गावांत एकाच टपरीवर कन्नड, मराठी आणि दखनी आळीपाळीनं बोलली जाते. तारेचा रंग मात्र सगळ्यांना सारखाच समजतो.

पण पानाचा खरा नायक हिरवाच. बाकीच्या तारा कुठून तरी निघतात आणि कुठे तरी पोचतात. हिरवी प्रत्येक बल्बापाशी, प्रत्येक डबीपाशी हजर असते, आणि आकृतीत ती इतकी सगळीकडे असते की नजर तिच्यावरून घसरते. ती तुटली की काय होतं, हे वाचायला मिळणं हा या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे.

मागचा ब्रेक दाबला की ब्रेकलाइट मिणमिणतो आणि चारही इंडिकेटर अंधुक उजळतात, अशी जुनी गाडी तुम्ही पाहिली असेल. अंधश्रद्धा बाळगावी असाच तो प्रकार. आकृतीवर बोट ठेवून चाला. मागच्या बल्बांची हिरवी तार मडगार्डखाली एकत्र येते आणि तिथून पुढे जाते. चिखल आणि पाणी तिथेच बसतं. बिदरच्या जांभ्या पठारावरची तांबडी धूळ पावसात कपलरमध्ये शिरते आणि पिनांवर कीट धरतं. समजा तो जोड सुटला. ब्रेक दाबल्यावर वीज बल्बाच्या तंतूतून पार होते, हिरव्या तारेत येते आणि पुढे वाट नाही. परंतु त्याच हिरव्याला मागचे इंडिकेटरही जोडलेले आहेत. मग ती त्यांच्या बल्बांतून उलटी शिरते, नारिंगी आणि फिकट निळ्या तारांनी पुढे धावते, पुढच्या इंडिकेटरांतून उतरते आणि तिथल्या शाबूत हिरवीतून घरी पोचते. एकाच बॅटरीचा दाब एकापाठोपाठ तीन बल्बांत वाटला गेला, म्हणून सगळेच अंधुक. गाडी वेडी झालेली नसते. परतीचा रस्ता बंद झाला म्हणून विजेनं आडवाट शोधलेली असते, आणि ती आडवाट पानावर आधीपासून छापलेली असते. फक्त ती उलट्या दिशेनं वाचावी लागते.

हेडलाइटचं वागणंही असंच तर्कशुद्ध. या गाड्यांत तो मॅग्नेटच्या पिवळ्या तारेवर चालतो, म्हणून गाडी उभी असताना मंद आणि रेस दिली की लख्ख. बॅटरी बदलून त्यात फरक पडत नाही. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीचे. कोण मॅग्नेटचं खातं आणि कोण बॅटरीचं, एवढं कळलं तरी अर्धे बिघाड जागच्या जागी ओळखता येतात.

म्हैसूरच्या आयडियल जावाची, 1973 पासून येझदी नावानं निघालेली गाडी शेजारी ठेवली तर फरक उठून दिसतो. पॉइंट असलेल्या जुन्या येझदीत ठिणगी बॅटरीच्या भरवशावर होती, सहा व्होल्टची व्यवस्था, आणि किल्ली बंद म्हणजे पुरवठा बंद. तिथे तुटलेली तार गाडी थांबवते. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. येझदीवर शिकलेले जुने मिस्त्री स्प्लेंडरपुढे आधी बॅटरी तपासतात ते यामुळेच. त्यांचा पाठ वेगळ्या पुस्तकाचा आहे.

जुन्या गाडीत मूळ पाठ शुद्ध राहत नाही. कुणी जादा हॉर्न लावतो, कुणी मोबाइल चार्जर, आणि हाताला लागेल ती तार ओढून टेप गुंडाळतो. मला राग येतो तो घरगुती वायरिंगची उरलेली लाल तार अर्थिंगला वापरणाऱ्याचा. पुढच्या माणसाला ती लाल तार बॅटरीची वाटणार, तो तिला बॅटरीच्या धन टोकाला जोडणार, आणि जुडगा जळणार. हिरवीच्या जागी हिरवीच हवी. ती दुकानात मीटरवर मिळते, महागही नसते.

त्या दिवशी मिस्त्रीनं काळी-पांढरी तार कापली नाही. उडालेल्या जागी स्लीव्ह चढवली, जुडगा कोनसेटपाशी थोडा सैल सोडून नव्या पट्ट्यानं बांधला, हँडल दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून पाहिलं. मग न विचारताच मागे गेला, मडगार्डखालचा जोड उघडून घासला आणि तिथून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक नवी हिरवी तार टाकली. कंपनीच्या आकृतीत ती तार नाही. टपरीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तेलकट झेरॉक्सवर मात्र बॉलपेननं ओढलेली अशी एक रेघ होती, आणि तिच्या टोकाला लिहिलं होतं: पावसाळ्याआधी.