बाहुलीचे अज्ञान

बालवाङ्मयाच्या मराठी समीक्षेवर बोधवादाचे सावट दीर्घकाळ राहिल्याने बाहुल्यांच्या शैक्षणिक मालिकाही ‘मूल काय शिकले’ एवढ्याच कसोटीवर तपासल्या जातात. २००६ साली सुरू झालेल्या ‘गली गली सिम सिम’मधील चमकी ही पाच वर्षांची. मुलीने शाळेत जावे, हा बोध तिचा गणवेशच करून टाकतो. संवादासाठी उरते ते कुतूहल, आणि माझ्या मते संहितेचे बळ तेथेच आहे.

आपल्याकडे बाहुलीची दोन रूपे रूढ आहेत. संतवाङ्मयातील कळसूत्री बाहुली पराधीन, तर पाध्ये पितापुत्रांचा अर्धवटराव बोलवित्या धन्यालाच निरुत्तर करणारा. न कळणारी आणि म्हणून विचारणारी बाहुली या दोहोंत बसत नाही. ‘सेसमी स्ट्रीट’च्या १९८३ मधील एका भागात बिग बर्ड दुकानदार हूपर यांच्यासाठी काढलेले चित्र घेऊन येतो, ते आता परतणार नाहीत, हे त्याला उमगत नाही. ही भूमिका करणारे विल ली १९८२ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे समजावणाऱ्या नटांचे गहिवरणे निव्वळ अभिनय राहत नाही. बोधवादी कसोटीला हा क्षण गवसत नाही.

चमकी विचारते ती मात्र हिंदीत. बार्शीटाकळीच्या मुलाला हिंदी परकी नाही (दूरदर्शनने ती केव्हाच घरात आणली). पण त्याचे ‘काहून’ चमकीच्या तोंडी येत नाही. वर्गातही बाईंना प्रश्न विचारण्यापूर्वी ते मूल आधी आपला शब्द बदलते.